सकाळच्या चहापर्यंत

फोन सकाळी आला. साखरखेर्ड्याहून सकाळी फोन आला की मी फारशी घाबरत नसे, कारण आमच्या सासरच्या घरात वाईट बातम्या सांगायची वेळच ती ठरलेली होती. सकाळच्या चहाला कोणाची विहिरीवरची मोटार जळालेली असायची, कोणाचा गुडघा सुजलेला असायचा, टमाट्याचा भाव पडलेला असायचा, आणि ते सगळं एकामागून एक कानावर यायचं. म्हणून गजाननचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी गॅस बारीक केला, तव्यावरची पोळी उलटली आणि मगच फोन उचलला. गजानन म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा. त्याच्या मागे गाड्यांचे आवाज येत होते. तो म्हणाला, "काकू, आई गेली. मेहकरच्या रस्त्यातच गेली." पोळी करपल्याचा वास आला, पण हात काही पुढे गेला नाही.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. शांताबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. त्या कोणी मोठ्या व्यक्ती नव्हत्या आणि आपल्यावर कोणी काही लिहावं असं त्यांनाही वाटलं नसतं. भाजीपाल्याचं शेत, दोन म्हशी, एक मुलगा, सून, नातू आणि सांभाळायला आम्ही सगळे, एवढाच त्यांचा पसारा. पण रोजच्या कटकटींचं, ज्याला आता सगळेच टेन्शन म्हणतात त्याचं, काय करायचं हे मला कोणी शिकवलं असेल तर त्यांनी. आणि ज्या सवयीनं मी वाचले त्याच सवयीपायी त्या गेल्या, असं आज त्यांचा स्वतःचा मुलगा म्हणतो. त्यावर मी अजून नीट काही बोललेली नाही. शाळेतून येते, स्वयंपाक करते, वह्या तपासते, आणि संध्याकाळ झाली की अंगातलं बळच जातं. दुःख असतं तर रडून मोकळी झाले असते. हा नुसता थकवा आहे, आणि तो बसून जात नाही की झोपून जात नाही.

लग्न होऊन मी साखरखेर्ड्याला आले तेव्हा बाई त्या घरात चांगल्या मुरलेल्या होत्या. त्यांचं माहेर खामगावकडचं, बोलणं पक्कं वऱ्हाडी, आवाज असा की शेतातून हाक मारली तर घरात ऐकू यावी. माझं माहेर दुसरबीड. अंतर फार नाही, पण घराची रीत अगदी निराळी. आमच्याकडे वडिलांचं रस्त्यावर दुकान होतं आणि दिवसभर जे काही मनात साचलेलं असेल ते रात्री ताटावर निघायचं. जेवण म्हणजे तक्रारींची वेळ, हे मी लहानपणापासून गृहीतच धरलेलं. त्यामुळे लग्नानंतर थोड्याच दिवसांत, आईला ताप आल्याचा निरोप संध्याकाळी कोणीतरी आणला, तेव्हा पंगत बसल्यावर मी तो रडवेल्या आवाजात सांगून टाकला. बाईंनी माझ्या ताटात भाकरी टाकली आणि हळूच म्हणाल्या, "सकाळी सांगजो. आता जेव."

मला वाटलं, ही बाई आहे की दगड. त्या रात्री मी तोंडात पदर कोंबून रडले. सकाळी चुलीवर चहा उकळत होता तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, हं, आता सांग, कधीपासून ताप हाये. माझं सांगून होईपर्यंत पिशवीत वांगी-पालक भरून झालं होतं, भासऱ्यांना म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना त्यांनी एसटीच्या थांब्यावर पाठवलं होतं, आणि पहिल्या गाडीनं मी दुसरबीडला पोहोचलेसुद्धा. आईचा ताप साधाच निघाला. परत आल्यावर मी घुश्श्यातच होते, तेव्हा त्यांनी मला समजावलं की रात्री सांगून तू रडली असतीस, आम्ही जागलो असतो, गाडी मात्र सकाळचीच होती. रात्री ज्याचं काही करता येत नाही ते रात्री कायले ऐकायचं, हा त्यांचा साधा हिशेब होता. मला तो तेव्हा पटला नाही. पुढे इतका पटला की मी तो दुसऱ्यांना सांगत फिरले.

दिवेलागणीला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आपल्याकडे घरोघर मानतात. त्या वेळेला केर काढायचा नाही, मीठ कोणाला द्यायचं नाही, रडायचं नाही. वेळ सरली की माणसं पुन्हा रडायला मोकळी. बाईंनी ती वेळ लांबवून सकाळच्या चहापर्यंत नेली. त्या नव्या नवऱ्या होत्या तेव्हा सासरे संध्याकाळी ओसरीवर बसून जगातली सगळी संकटं एकेक करून घरात आणायचे म्हणे. एकदा विहिरीच्या पाण्यावरून भावकीशी झालेलं भांडण त्यांनी पंगतीत उकरून काढलं आणि सगळे पुरुष भरल्या ताटावरून उठून गेले. दिवसभर चुलीपाशी राबलेल्या बाईंना तो राग सहन झाला नाही. त्यांनी दाराआडून सांगितलं की या घरात दिवा लागल्यापासून सकाळच्या चहापर्यंत कोणी वाईट बोलायचं नाही, वास्तू ऐकत असते. सासरे काही म्हणणार तेवढ्यात सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यांनाही कित्येक वर्षं तेच म्हणायचं असणार. बाईंचा स्वतःचा त्या तथास्तूवर किती विश्वास होता कोण जाणे. मी एकदा विचारलं तर डोळे मिचकावून म्हणाल्या, "देवाचं नाव घेतल्याबिगर सासरा ऐकते काय?"

या नियमाला पुढे फाटे फुटत गेले. जेवताना प्रत्येकानं दिवसभरातली एक बरी गोष्ट सांगायची, हा त्यातलाच एक. मोठी नको, चांगली नको, नुसती बरी. गजानन शाळेतली काहीतरी गंमत सांगायचा, सासूबाई म्हशीचं कौतुक करायच्या, मी सुरुवातीला लाजून काहीच सांगत नसे. आणि भासरे, ज्यांना आम्ही सगळे 'दादा' म्हणतो, ते रोज, अगदी न चुकता, एकच सांगायचे... "चहा चांगला झाला व्हता." घरात लग्न असो की शेतात पाणी तुंबलेलं असो, दादांचा चहा चांगला झालेला असायचा. बाई कपाळावर हात मारायच्या, पण चहा त्यांनीच केलेला असल्यामुळे त्यांचा चेहरा फुलायचा तो फुलायचाच. पुढे घरात मोबाइल आले, तेव्हा त्यांनी जुन्या हिरव्या लुगड्याची एक पिशवी शिवली आणि दाराजवळच्या खुंटीला टांगली. दिवा लागला की सगळ्यांचे फोन त्या पिशवीत. आत कितीही घणघणले तरी सकाळीच बाहेर.

याचा अर्थ त्या घरात सुख नांदत होतं असा मुळीच नाही. रात्रभर थोपवून धरलेलं सगळं सकाळी चहाला बाहेर पडायचं, आणि मग काय विचारता. एकजण मोटारीचं रडगाणं गातोय, दुसरा मार्केटच्या अडत्याला शिव्या देतोय, सासूबाई कोणत्या तरी नातेवाइकाचा पाणउतारा करताहेत, आणि मधोमध बाई कपबशा भरताहेत. शेजारपाजारच्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज सकाळी भांडण होतं. पण एक गोष्ट मी पाहिली. संध्याकाळी जीव कासावीस करणाऱ्या निम्म्या गोष्टी सकाळपर्यंत टिकतच नसत. सांगायला तोंड उघडायचं आणि काय सांगायचं होतं तेच आठवायचं नाही, किंवा सांगताना स्वतःलाच हसू यायचं. ज्या टिकायच्या त्या खऱ्या असायच्या आणि मग सगळे मिळून त्यांच्या मागे लागायचे.

नंतर ह्यांना खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी लागली, मी इथल्या खाजगी शाळेत शिकवू लागले आणि साखरखेर्डं सणासुदीपुरतं उरलं. नियम मागे राहिला. काही वर्षं बरी गेली आणि मग जिनिंग बंद होणार अशी आवई उठली. हे रोज संध्याकाळी नवी अफवा घेऊन यायचे. आज मालक विकणार, उद्या अर्धी माणसं काढणार. माझ्या शाळेत निकाल, पटसंख्या, ऑनलाइन भरायची माहिती, पालकांचे फोन. आम्ही दोघं जेवताना एकमेकांच्या ताटात आपापली भीती वाढायचो आणि मग दोघंही छताकडे बघत पडायचो. माझं डोकं दुखू लागलं, वर्गात मुलांवर विनाकारण ओरडू लागले. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं. मीठ कमी, चालणं जास्त, विचार कमी, असा सल्ला दिला. विचार कमी करायची गोळी मात्र त्यांनी लिहून दिली नाही.

ही गोष्ट बाईंच्या कानावर गेली, अर्थातच सकाळी. तिसऱ्या प्रहरी त्या भाजीचं पोतं घेऊन आमच्या दारात. पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी बूट काढता काढता जिनिंगचा विषय काढला, तेव्हा बाईंनी देवघरातल्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "तू आपल्याच घरातला ना बे? खामगावात आला तं विसरला काय?" हे लहान मुलासारखे उठून हातपाय धुवायला गेले. आमच्या भाड्याच्या घरात खुंटी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः वरवंट्यानं खिळा ठोकला आणि तिथे एक साधी कापडी पिशवी अडकवली. त्या राहिल्या तितके दिवस मी शाळेत ऑटोनं न जाता त्यांच्याबरोबर पायी गेले. चालताना बोलायचं नाही असा त्यांचा दंडक. नुसतं चालायचं, रस्त्यानं कोण काय करतंय ते बघायचं, कोणी ओळखीचं भेटलं तर हसायचं. पहिले दिवस मला ते भयंकर कंटाळवाणं झालं. नंतर लक्षात आलं की शाळेच्या फाटकापर्यंत माझे खांदे खाली आलेले असतात.

सगळ्यात अवघड होतं ते रिकामं बसणं. आपल्याकडे बाई विसाव्याला बसली तरी तिच्या पुढ्यात काहीतरी लागतं. मेथी निवडेल, गहू पाखडेल, नाहीतर ब्लाउजला हूक लावेल. नुसती बसलेली बाई दिसली की घरच्यांना ती आजारी तरी वाटते नाहीतर आळशी. एका रविवारी दुपारी मी मेथीची जुडी घेऊन बसले होते, तर बाईंनी समोरचं ताट ओढून घेतलं. हात मांडीवर ठेव, तळवे वर कर आणि चहा निवेपर्यंत काही करू नको, म्हणाल्या. त्या स्वतः रोज दुपारी म्हशींना पाणी दाखवून झालं की कडुलिंबाखाली अशा बसायच्या, हे मी पाहिलेलं होतं, पण त्या उकाड्यानं बसतात असं मला वाटायचं. मी बसले. कोपऱ्यात जाळं दिसलं, वाळत घातलेले कपडे आठवले, उद्याचा डबा आठवला. बाई माझ्या हातांकडे बघून हसायला लागल्या... "पाय, मेथी नाही तरी बोटं निवडूनच राह्यले." खरंच माझी बोटं हलत होती. ती थांबायला बरेच दिवस लागले. झोपही हळूहळूच आली. जिनिंग विकली गेली, पण नव्या मालकानं ह्यांना ठेवून घेतलं, म्हणजे ज्या भीतीनं आम्ही मरत होतो ती सकाळपर्यंत टिकली नाही.

त्याच दिवसांत आमच्या शाळेत शिक्षकांसाठी तणावमुक्तीचं शिबिर झालं. मी बाईंना बरोबर नेलं. शहरातून आलेल्या वक्त्या चांगल्या होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून फुलांच्या बागेत फिरायला सांगितलं. आम्ही सगळ्या प्रामाणिकपणे बागेत फिरत असताना मागच्या रांगेतून घोरण्याचा आवाज आला. सगळ्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, कारण बाई माझ्या होत्या. त्या वक्त्या मात्र मोठ्या मनाच्या; म्हणाल्या, यांना उठवू नका, यांचं जमलं. घरी येताना मी चिडलेली होते आणि बाई खुशीत होत्या. कार्यक्रम फार चांगला झाला, इतकी झोप बाळंतपणानंतर कधी लागली नव्हती, असं त्यांनी रात्री जेवताना बरी गोष्ट म्हणून सांगितलं.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की बाई म्हणजे शांतीची मूर्ती. तसं काही नव्हतं. सुनेला, वर्षाला, त्या भाजीच्या फोडणीवरून दिवसभर बोलायच्या. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा. मला रोज चालायला लावणाऱ्या बाई स्वतः रक्तदाबाची गोळी आठवेल तेव्हा घ्यायच्या, आणि विचारलं तर 'घेतली' म्हणून वेळ मारून न्यायच्या. वय वाढलं तसा त्यांचा नियमही कडक झाला. टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा संध्याकाळी बंद. गजाननला हे आवडायचं नाही. आता काळ बदलला, रात्री आठ वाजता आलेल्या निरोपाचा सकाळी आठला काही उपयोग नसतो, असं तो मला फोनवर म्हणायचा. मी त्याला समजावायचे. बाईंची बाजू घ्यायचे, कारण मला गुण आला होता.

त्या संध्याकाळी काय झालं ते मला वर्षानं सांगितलं. बाईंनी दिवा लावला, फोन पिशवीत गेले, पंगत बसली. त्यांनी नेहमीसारखं सगळ्यांना विचारलं. दादांचा चहा चांगला झालेला होता. वर्षानं बाईंना त्यांचं विचारलं तर म्हणाल्या, भरीत बरं झालं. पण भरीत त्यांनी खाल्लंच नव्हतं, अर्धी भाकरी ताटात तशीच होती. वर्षाला वाटलं, दुपारचं खाणं उशिरा झालं असेल. त्या लवकर आडव्या झाल्या. सकाळी चहा केला, सगळ्यांना दिला, स्वतःचा कप घेऊन बसल्या आणि मग म्हणाल्या, "कालच्या दिवेलागणीपासून छातीत भरून आल्यावानी होऊन राह्यलं. दिवा लागला व्हता म्हणून बोलली नाही." गजानननं तसंच त्यांना उचलून गाडीत घातलं. गाडी दारातच उभी होती. रात्रभर दारातच उभी होती. मेहकरच्या डॉक्टरांनी नंतर एवढंच विचारलं की त्रास कधीपासून होता, आणि गजाननला 'कालच्या दिवेलागणीपासून' म्हणावं लागलं.

ती गाडी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाईंनी नियम केला तेव्हा रात्री साखरखेर्ड्याहून कुठेच जाता येत नव्हतं. एसटी सकाळची, डॉक्टर सकाळचा, कचेरी सकाळची. रात्री काही करता येत नाही हे तेव्हा खरं होतं. मग रस्ते झाले, दारात गाडी आली, आणि नियम मात्र एसटीच्याच वेळापत्रकावर चालत राहिला. गजानन सोडून आम्हा कोणाच्या हे लक्षात आलं नाही. आणि दुसरं असं, की घरातल्या दुसऱ्या कोणाच्या दुखण्याला त्यांनी हा नियम कधी लावलाच नव्हता. दोन वर्षांखाली नातवाला संध्याकाळी फणफणून ताप भरला, तेव्हा बाईंनीच पिशवीतून फोन ओढून काढला होता आणि गजाननला घाई केली होती. वर्षानं तेव्हा नियमाची आठवण दिली, तर म्हणाल्या होत्या की लेकराचं दुखणं ही काय बातमी आहे, ते काम आहे. फक्त स्वतःचं दुखणं तेवढं त्यांना बातमी वाटलं. आपल्यामुळे चार माणसांची झोप मोडेल, एवढंच त्यांच्या मनात आलं असेल. मला त्यांचा राग येतो.

तेरावं झालं त्या संध्याकाळी वर्षानं सवयीनं फोन गोळा केले. गजानन उठला, पिशवी खुंटीवरून ओढली आणि अंगणात भिरकावली. या नियमानं माझी माय नेली, एवढंच तो म्हणाला. दादा ओसरीवर बसले होते. ते उठले, अंगणात गेले, पिशवी झटकली आणि परत खुंटीला अडकवली. त्यानंतर त्या घरात संध्याकाळी टीव्ही मोठ्यानं चालू असतो. गजानन मुद्दाम जेवताना भाव, वीज, आजार, सगळं सगळं बोलतो आणि दादा आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जातात. वर्षाचा मला एक दिवसाआड फोन येतो. काकू, तुम्ही काहीतरी सांगा, तुमचं ऐकतील. काय सांगू? नियम ठेवा म्हणू, तर गजाननला काय वाटेल? मोडा म्हणू, तर दादांच्या हातात बाईंचं दुसरं काय उरतं? आणि माझं काय? माझी झोप पुन्हा गेली आहे. खामगावच्या घरातल्या खिळ्यावर पिशवी आहे, पण फोन तिच्यात ठेवला की मला धस्स होतं, आणि बाहेर ठेवला की मी रात्रभर तो बघत बसते. चालायला जाणंही सोडलं. दुपारी हात मांडीवर ठेवले की बोटं निवडू लागतात.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी साखरखेर्ड्याला गेले. गजानन शेतात होता, वर्षा मुलाला घेऊन देवळात गेलेली. मी दिवा लावला आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. बाहेरच्या खोलीत दादा खाटेवर बसले होते. इथे एक सांगायला हवं. भासरा आणि लहान भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत, निदान आमच्या वयाच्या माणसांत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दादा माझ्याशी बाईंमार्फत बोलत आले. मी समोर उभी असले तरी 'तिले सांग, पाणी आण' असं बाईंना म्हणायचे, आणि मीही 'दादांना म्हणावं, घेऊन आले' असं बाईंनाच सांगायचे. बाईंना त्याची फार मजा वाटायची. आता मध्ये कोणी नव्हतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, चहा केला आणि कप उंबऱ्यावर ठेवून मागे वळले.

"सुनंदा," दादा म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी माझं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. मी उंबऱ्याच्या आतच थांबले. ते कपाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "मले करमून नाही राह्यलं," ते म्हणाले. "जेवण जात नाही. घशाखाली उतरतच नाही..." बाहेर म्हैस हंबरली. "दिवा लागला हाये, मले ठाऊक हाये. पण सकाळपर्यंत थांबत नाही म्हटलं. गजाननची माय थांबली."

मला वाटलं आता मी रडणार, पण रडू आलं नाही. मी आतल्या बाजूला उंबऱ्यापाशी खाली बसले. काय बोलायचं असतं अशा वेळी? धीर धरा म्हणायचं, की देवाची मर्जी म्हणायचं... मला दोन्ही म्हणवेना. बाई असत्या तर त्यांनी काय विचारलं असतं तेवढंच सुचलं, आणि तेच मी विचारलं. म्हटलं, दादा, आज बरं काय झालं?

त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड थोडं वाकडं केलं. मी साखर कमी घालते. "चहा तं काही चांगला झाला नाही," ते म्हणाले. मला त्याही परिस्थितीत हसू आलं, आणि मला वाटतं त्यांनाही आलं. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "तुले सांगतलं. हेच बरं झालं."

गजानन आला तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलेलो होतो, ते खाटेवर आणि मी उंबऱ्याच्या आत, हात मांडीवर. त्यानं टीव्ही लावला नाही. काय झालं विचारलं, तर दादांनी त्यालाही सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत. तो बापाच्या शेजारी बसला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊ म्हणाला, आणि मग लगेच, नाही, आत्ताच जाऊ म्हणाला. दादा नको म्हणाले. गजानन ऐकेना. गाडी काढून तो त्यांना घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, आणि दोघं येताना रस्त्यात थांबून चहा पिऊन आले.

मी रविवारी निघताना पिशवी खुंटीलाच होती. वर्षा म्हणाली, आदल्या रात्री परत आल्यावर गजानननं त्याचा फोन त्यात ठेवला होता, पण आवाज मोठा करून. गाडीची किल्ली मात्र त्यानं पिशवीच्या बाहेर, त्याच खुंटीला अडकवली होती. हिरव्या लुगड्याला ती किल्ली टेकून लोंबत होती आणि येता-जाता दार हललं की वाजत होती.